साडेचारशे लिटर खारे पाणी, दुसऱ्या मजल्यावर

घरात मासे आणि प्रवाळे पाळण्यासाठीचा समुद्राच्या पाण्याचा टँक जितका लहान, तितका तो सांभाळायला कठीण, ही गोष्ट प्रथम ऐकणाऱ्याला उलटी वाटते. माझा जुना टँक दोन फुटांचा होता आणि खडक-वाळू वगळता त्यात जेमतेम शंभर लिटर पाणी राहत असे. समुद्रात पाण्याच्या हजार भागांत साधारण ३५ भाग क्षार असतात, आणि प्रवाळांना घरातही तेच प्रमाण स्थिर लागते. उन्हाळ्यात पाणी थंड ठेवण्यासाठी पृष्ठभागावर पंखा सोडला की दिवसाकाठी दोन लिटर पाणी सहज उडून जाते; मीठ मात्र मागे राहते, त्यामुळे संध्याकाळी मी बँकेतून घरी येईपर्यंत ३५ चे ३५.७ झालेले असत. हेच दोन लिटर मला हव्या असलेल्या नव्या टँकच्या साडेचारशे लिटरांतून उडाले, तर ३५ चे फार तर ३५.१६ होतात. तापमानाचे, माशांच्या विष्ठेतून येणाऱ्या विषारी अमोनियाचे, चुकून जास्त पडलेल्या खाद्याचेही गणित असेच चालते. त्यामुळे "आहे तोच दिवसभर पुसत बसतेस, आता चौपट पुसणार का?" या सासूबाईंच्या प्रश्नाला मी "उलट कमी पुसावा लागेल" असे उत्तर दिले, आणि ते बऱ्याच अंशी खरे ठरले. मात्र मोठा टँक घ्यायचा म्हणजे मोठी काच घ्यायची, अशी समजूत असेल तर ती लगेच सोडून द्यावी. या कामातला खर्च, वेळ आणि डोकेदुखी यांचा मोठा वाटा टँकच्या बाहेर, घराच्या बांधणीत, वायरिंगमध्ये, नळाच्या पाण्यात आणि कायद्यात असतो.

आमची इमारत विलेपार्ले पूर्वेची, ऐंशीच्या दशकात बांधलेली, आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. मनात होता तो टँक १२० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि ६० उंच. मी कागदावर वजनाची बेरीज मांडली. टँक आणि खालची सम्प टाकी (टँकमधले पाणी जिथे उतरून साफ होते आणि पुन्हा वर चढवले जाते ती) मिळून साडेचारशे लिटर पाणी, आणि खारे पाणी गोड्यापेक्षा जड असल्याने त्याचे ४६० किलो. १२ मिलिमीटर जाडीच्या काचेचे ८५ किलोंच्या पुढे. त्यावर सम्प टाकीची काच, लोखंडी स्टँड, खडक आणि वाळू. एकूण सातशे किलोंच्या आसपास, तेही पाऊण चौरस मीटरपेक्षा कमी जागेत. राहत्या घराच्या स्लॅबसाठी भारतीय मानकात चौरस मीटरमागे सुमारे २०० किलो चल भार, म्हणजे माणसांचा आणि सामानाचा भार, धरलेला असतो. ही बेरीज पाहिल्यावर यजमान एवढेच म्हणाले, "आधी इंजिनिअरला विचार, मग मासे मोज."

संरचना अभियंता आमच्याच सोसायटीचे संरचनात्मक परीक्षण करून गेलेले असल्यामुळे इमारतीचे नकाशे त्यांच्याकडे होते. मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतींना हे परीक्षण करून घ्यावेच लागते, त्याचा असा अनपेक्षित उपयोग झाला. त्यांनी मला समजावले की २०० किलोंचा तो आकडा संपूर्ण खोलीवर भार सारखा पसरला आहे असे धरून काढलेला असतो. तेवढ्या जागेवर त्याहून जास्त वजन आले की स्लॅब लगेच कोसळतो असे नाही, पण वजन कुठे ठेवले आहे यावर सगळे अवलंबून असते. हॉलच्या मध्यभागी, दोन तुळयांच्या बरोबर मधे सातशे किलो ठेवणे त्यांना मुळीच मान्य नव्हते. तेच वजन तुळईवर उभ्या असलेल्या भिंतीला चिकटून, खांबाच्या कोपऱ्यात ठेवले, तर ते बहुतांशी तुळईत आणि खांबात उतरते. मला टँक सोफ्यासमोर हवा होता आणि तो खांब नेमका जेवणाच्या टेबलामागे होता. मग टेबल हलले.

नंतर ते खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या घरी गेले, कारण आमच्या फरशीची खरी अवस्था त्यांच्या छतावरून कळते. स्टुलावर चढून त्यांनी हातोडीच्या दांड्याने प्लास्टरवर हातभर अंतरा-अंतराने ठोकायला सुरुवात केली. भरीव भागातून घट्ट, आखूड आवाज येतो. आतली सळई गंजून प्लास्टर सुटले असेल तर आवाज पोकळ आणि पसरट येतो. खांबाजवळच्या पट्ट्यात आवाज भरीव होता. न्हाणीघराच्या बाजूला मात्र एके ठिकाणी तो बदलला, आणि तिथे गंजाचा तांबूस डागही होता. ती जागा टँकच्या जागेपासून लांब असली, तरी तिची दुरुस्ती झाल्याशिवाय लेखी अभिप्राय देणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. ती दुरुस्ती आम्ही करून दिली. काकूंची शंका वेगळीच होती. "काच फुटली तर पाणी माझ्या देवघरावरच येणार ना गं?" असे त्यांनी विचारले, आणि त्यावर 'काच फुटत नाही' असे उत्तर देणे प्रामाणिकपणाचे झाले नसते. मी घराचा विमा काढला, त्यात पाण्यामुळे शेजाऱ्यांच्या घराचे होणारे नुकसान धरले आहे याची खात्री केली आणि त्याची प्रत त्यांना दिली. सोसायटीच्या समितीने अभियंत्यांचा अभिप्राय जोडून घेतला आणि ना हरकत दिली. सेक्रेटरींनी मिनिट्समध्ये 'शोभेच्या माशांची मोठी पेटी' अशी नोंद केली, ती मी तशीच राहू दिली.

टँक बनवून घेतला. सिलिकॉन पुरते सुकेपर्यंत त्याला व्हिनेगरसारखा वास येत राहतो, आणि तो वास पूर्ण जाईपर्यंत टँक कारागिराकडेच, पाणी भरून, उभा ठेवण्याचा आग्रह मी धरला. लिफ्टमध्ये तो मावण्याचा प्रश्नच नव्हता. चार हमालांनी तो पट्ट्यांवर तोलत जिन्याने वर आणला, आणि पहिल्या मजल्याच्या वळणावर कठड्याच्या वरून काढताना माझा श्वास अडकला होता, एवढेच त्याबद्दल सांगते.

मुंबईत खरा खर्चिक भाग थंडाव्याचा. प्रवाळांना २५ ते २७ अंश सेल्सिअस तापमान मानवते. ते दीर्घकाळ तीसच्या वर राहिले की त्यांच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवाले बाहेर टाकली जातात, प्रवाळ पांढरे पडते आणि उपासमारीने मरते. समुद्रातही हेच घडते. १९९८ आणि २०१६ साली लक्षद्वीपची प्रवाळे अशाच उष्णतेने मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली होती. लहान टँकला पंख्याने भागते, कारण पाणी उडताना उष्णता घेऊन जाते. पण जून महिन्यात हवाच दमट झाल्यावर पाणी उडेनासे होते, आणि पंखा नुसता वारा घालत बसतो. म्हणून पाणी थंड करणारे यंत्र, चिलर, आला. चिलर पाण्यातली उष्णता काढून खोलीत सोडतो, आणि तो टँकखालच्या बंद कपाटात ठेवला तर स्वतःच सोडलेली गरम हवा पुन्हा आत ओढत बसतो. आम्ही नळ्या भिंतीतून काढून तो ड्राय बाल्कनीत ठेवला. दिवे, सम्प टाकीतले पाणी वर टँकमध्ये चढवणारा परतीचा पंप, लाटा करणारे पंप आणि बुडबुड्यांनी पाण्यातली घाण वेगळी काढणारा स्किमर या सगळ्यांनी मिळून विजेचे बिल जितके वाढले, त्याहून अधिक एप्रिल-मे महिन्यांत एकट्या चिलरने वाढवले.

खारे पाणी वीज उत्तम वाहून नेते, त्यामुळे टँकसाठी वेगळी लाइन, जास्त भार आल्यास लाइन तोडणारा वेगळा एमसीबी आणि वीज गळू लागली की ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी बसवल्याशिवाय पाण्यात एकही पंप सोडला नाही. प्रत्येक वायर सॉकेटच्या खालपर्यंत लोंबून मग वर जाईल अशी ठेवली, म्हणजे वायरवरून ओघळणारा थेंब सॉकेटमध्ये न शिरता खाली पडतो. वीज जाण्याची आठवण मुंबईकरांना फारशी नसते, पण १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी सगळ्या शहराची वीज गेली, तेव्हा माझा जुना टँक होता, आणि बॅटरीवर चालणारा साधा हवेचा पंप किती कामाचा असतो ते त्या दिवशी कळले. वीज गेल्यावर मासे उकाड्याने मरण्याच्या पुष्कळ आधी प्राणवायूअभावी मरतात. म्हणून इन्व्हर्टरवर मी फक्त एक लाटांचा पंप आणि परतीचा पंप घेतला आहे. चिलर आणि दिवे मुद्दाम वगळले.

"जुहूचा समुद्र इथून चालत जाण्याइतका जवळ, आणि तुम्ही मीठ विकत आणता?" हे मला अनेकांनी विचारले. जुहूच्या पाण्यात गाळ आहे, सांडपाणी आहे, त्याबरोबर येणारे फॉस्फेट आणि धातू आहेत, आणि पावसाळ्यात नाल्यांच्या गोड्या पाण्याने त्याची क्षारता कोसळते. आणि तरीही मुंबईच्या किनाऱ्यावर प्रवाळ आहे, हे सांगितले की लोक थक्क होतात. वरळी आणि हाजी अली येथील खडकांवरच्या प्रवाळांच्या वसाहती सागरी किनारा रस्त्याच्या कामासाठी २०२० मध्ये उचलून दुसरीकडे लावण्यात आल्या होत्या. ती गढूळ पाण्याला सरावलेली चिवट प्रवाळे आहेत. माझ्या टँकमधल्या प्राण्यांना ते पाणी एक दिवसही सोसणार नाही.

म्हणून पाणी घरीच बनवायचे. मुंबईला धरणांतून येणारे पाणी मुळात हलके असते. माझ्या मीटरवर विरघळलेल्या घन पदार्थांचा आकडा शंभराच्या आत येतो, पण प्रवाळासाठी तो शून्य लागतो, शिवाय क्लोरीन काढावा लागतो. त्यासाठी आरओ आणि त्यापुढे उरलेले क्षार शोषणारे डीआय रेझिनचे नळकांडे असा संच बसवला. जुलैत नळाला गढूळ पाणी आले की पहिला गाळणीचा दांडा पांढऱ्याचा चहासारखा तपकिरी होतो, आणि मे महिन्यात सोसायटीत टँकर आला की आकडा एकदम तिपटीने चढून रेझिन लवकर संपते. तेव्हा टँकरच्या दिवशी मी संच बंदच ठेवते. शुद्ध पाण्याच्या कित्येक पट पाणी या यंत्रातून वाया जाते. ते पिंपात धरून फरशी पुसायला आणि संडासात वापरायला घेतल्यामुळेच घरातला विरोध थोडा मवाळ झाला.

मीठ कालवायचे तर पाण्यात मीठ टाकायचे, मिठावर पाणी ओतायचे नाही, नाहीतर कॅल्शियमचा चुना होऊन तळाशी बसतो. पिंपात पंप सोडून दुसऱ्या दिवसापर्यंत ते फिरत ठेवले, मग क्षारता मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर दोन थेंब टाकून निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची सीमा ३५ वर येते का ते पाहिले. हे उपकरण शुद्ध पाण्याने शून्यावर लावून घेतले तरी ३५ पाशी चुकू शकते, म्हणून ते ३५ च्या प्रमाणित द्रावणानेच तपासून घ्यावे.

टँकमध्ये पाणी आले, आणि प्राणी आत येण्याआधी मी मुद्दाम मेन स्विच बंद केला. परतीचा पंप थांबला की टँकमधले पाणी परतीच्या नळीतून उलटे सम्प टाकीत उतरू लागते, आणि नळीचे तोंड पाण्याबाहेर पडेपर्यंत ते थांबत नाही. माझ्या टँकमध्ये पातळी दोन सेंटिमीटर उतरली तरी चौदा लिटर खाली येतात. मी सम्प टाकीपाशी मांडी घालून बसले आणि पाणी चढताना पाहत राहिले. नळीला पृष्ठभागाच्या किंचित खाली पाडलेल्या छोट्या भोकातून हवा शिरल्याचा गुळगुळ आवाज आला आणि पाणी काठाच्या चार बोटे खाली थांबले. तिथे मी मार्करने रेघ ओढली. चालू अवस्थेत सम्प टाकीत त्या हिशेबापेक्षा जास्त पाणी कधीच ठेवायचे नाही. ते भोक शेवाळाने बुजते, म्हणून दर आठवड्याला दात कोरायच्या काडीने साफ करते. खालच्या काकूंचे देवघर विम्यापेक्षा या भोकावर अधिक विसंबून आहे.

आता कायद्याविषयी, कारण दुकानात याबद्दल कोणी आपणहून बोलत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून खडक बांधणारी सर्व कठीण प्रवाळे, समुद्रपंखे, समुद्रघोडे आणि काही महाकाय शिंपले आहेत. म्हणजे वाघाला जे संरक्षण आहे तेच त्यांना. आपल्या समुद्रातून तोडून आणलेला 'लाइव्ह रॉक' (सूक्ष्म जीव वसलेला खडक) हाही बहुधा अशा प्रवाळांचाच सांगाडा असतो. एका दुकानात मला ओल्या गोणपाटाखाली झाकलेले असे खडक 'खास तुमच्यासाठी' म्हणून दाखवण्यात आले, ते मी घेतले नाहीत. नवीन टँकसाठी मातीचे भाजलेले, सच्छिद्र कृत्रिम खडक घेतले, आणि प्राण्यांत जुन्या टँकमधलीच मऊ प्रवाळ मंडळी नेली: झोअँथिड, मशरूम आणि एक लेदर. हे सगळे हौशी मंडळींनी आपापल्या टँकमधून कापून दिलेल्या तुकड्यांपासून वाढलेले आहेत.

कोऱ्या खडकाला जिवंत करणे हे सगळ्यात संथ काम. माशांच्या विष्ठेतून येणाऱ्या अमोनियाचे नायट्राइट आणि त्याचे पुढे नायट्रेट करणारे जीवाणू पाण्यात फारसे नसतात, ते खडकाच्या पृष्ठभागावर वस्ती करतात. म्हणून जुना टँक चालू असतानाच त्यातला एक खडक नव्या सम्प टाकीत आणून ठेवला, आणि विरजण लावल्यासारखी त्याची वस्ती कोऱ्या खडकांवर पसरू दिली. अधूनमधून मोजून अमोनिया घातला. तपासणीच्या नळीत शून्याचा रंग पिवळा आणि अमोनिया असल्यास हिरवट. ट्यूबलाइटखाली हे दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून नळी सकाळी खिडकीशी धरून पाहावी. घातलेला अमोनिया एका दिवसात संपतो आणि नायट्राइटही उरत नाही असे दिसेपर्यंत महिनाभराहून अधिक काळ गेला. तोवर हॉलमध्ये चार फुटी रिकामे पाणी पाहून पाहुणे "मासे कुठे आहेत?" विचारत.

प्रत्यक्ष स्थलांतरासाठी डिसेंबर निवडला, कारण थंडीत बादलीतले पाणी तापत नाही. झोअँथिड असलेले खडक हलवताना मी लांब हातमोजे आणि चष्मा घातला होता. यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय तीव्र विष असते. ते जखमेतून, डोळ्यांत उडालेल्या पाण्यातून किंवा खडक उकळल्यास वाफेतून शरीरात जाते. खडक उकळून स्वच्छ करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो कधीही ऐकू नये. मासे सर्वात शेवटी पकडले, कारण खडक उचलल्याशिवाय ते हाती लागत नाहीत. गोबी मासा सापडला. पण त्याच्याबरोबर बिळात राहणारी पिस्तूल कोळंबी दिसेना. तिला जवळजवळ दिसत नाही, ती मिशी गोबीच्या अंगाला लावूनच वावरते, तेव्हा तिला एकटी सोडणे शक्य नव्हते. सगळे आवरल्यावर कोपऱ्यातल्या बादलीत, रिकाम्या समजलेल्या खडकातून टक् असा खणखणीत आवाज आला. ती नांगी मिटून तो आवाज करते. खडक तसाच उचलून नव्या टँकमध्ये गोबीपाशी ठेवला.

जुनी वाळू आणली नाही. वर्षानुवर्षांचा गाळ तिच्यात दडलेला असतो, आणि ती ढवळली की अमोनिया तर सुटतोच, खोल थर असेल तर सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइडही सुटतो.

पुढच्या आठवड्यांत वाळूवर तपकिरी लव पसरली, मग खडकांवर केसांसारखे हिरवे शेवाळ आले. नव्या टँकमध्ये हे क्रमाने येते आणि गोगलगायी सोडून, खाद्य आवरून धरले की ओसरते. बाटलीतली औषधे ओतण्याची गरज नसते. लेदरने मात्र घरच्यांना घाबरवले. ते मिटून बसले, त्याच्या टोपीवर मेणासारखा चकचकीत पापुद्रा धरला, आणि ते मेले असे सगळ्यांनी ठरवूनही टाकले. ही त्याची कात टाकण्याची रीत आहे. लाटांचा पंप थोडा त्याच्याकडे वळवल्यावर पापुद्रा तुकड्यांनी सुटला आणि टोपीभर बोटे बाहेर आली. दिव्याचा प्रकाश सुरुवातीला निम्म्यावर ठेवून हळूहळू वाढवला, कारण नवा दिवा जुन्यापेक्षा बराच प्रखर आहे.

मऊ प्रवाळे कठीण सांगाडा बांधत नाहीत, त्यामुळे सांगाड्याला लागणाऱ्या कॅल्शियम आणि अल्कलिनिटीचे (पाण्यातल्या कार्बोनेटांचे) रोजचे डोस मला द्यावे लागत नाहीत. पाण्याचा थोडा भाग नियमित बदलला की पुरते. यातून वाचणारा वेळ मी माशांच्या निवडीत घालवते. भाच्याला निळी 'डोरी' हवी आहे, आणि दुकानदारही बोटाएवढे पिल्लू दाखवून "आता तर चार फुटी आहे, ताई" म्हणतो. तो मासा समुद्रात तीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि दिवसभर पोहत राहतो. चार फूट त्याला अपुरेच. क्लाऊनफिशची जोडी जुनीच आहे, आणि पुढे आणखी घ्यायचे झाले तर समुद्रातून पकडलेले न घेता उबवणी केंद्रात जन्मलेलेच घेणार आहे. नवा मासा थेट मोठ्या टँकमध्ये जात नाही. क्रिप्टोकॅरिऑन या पांढऱ्या ठिपक्यांच्या परजीवीवर चालणारी तांब्याची औषधे प्रवाळांना आणि कोळंबीला मारतात, आणि चार फुटांच्या टँकमधून आजारी मासा परत पकडायचा तर सगळे खडक पुन्हा बाहेर काढावे लागतील. म्हणून जुना दोन फुटी टँक खडक आणि वाळू न घालता बेडरूममध्ये मांडला आहे, आणि येणारा प्रत्येक मासा तिथे किमान महिनाभर राहतो.